माळ्यावरची टाकी, बाल्कनीतले ड्रम की वीस लिटरचे कॅन? मुंबईच्या फ्लॅटमध्ये फिशटँकच्या पाण्याची सोय

आधी टँकमध्ये काय ठेवणार ते ठरवा, कारण मुंबईत गोड्या पाण्याचे मासे पाळणाऱ्या बहुतेकांना आरओ लागतच नाही. भातसा, तानसा, वैतरणा या तलावांतून येणारं महापालिकेचं पाणी मुळात पावसाचं, मऊ. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणारा मीटर बुडवला तर आकडा बहुतेक वस्त्यांत शंभरच्या आसपास किंवा त्याखाली येतो. टेट्रा, एंजल, डिस्कस हे मासे आणि पाणवनस्पती यांना असं पाणी मानवतं. काढायचा असतो तो फक्त क्लोरीन. 100 लिटरचा झाकणवाला ड्रम आणि एअर पंप एवढ्यावर 24 तासांत काम होतं. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट: लिटरमागे 1 मिलिग्रॅम क्लोरीन धरला तर 100 लिटरला पाऊण ग्रॅम पुरतो. मऊ पाण्याची एक खोड लक्षात ठेवा. केएच, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या कार्बोनेटचं प्रमाण, कमी असल्यामुळे पीएच हळूहळू घसरतो. 100 लिटरला 3 ग्रॅम खाण्याचा सोडा घातला की केएच साधारण 1 डिग्रीने चढतो.

सोसायटीत टँकर किंवा बोअरवेलचं पाणी मिसळत असेल तर हे गणित बदलतं. म्हणून पाणी एकदा ऑगस्टमध्ये आणि एकदा मे महिन्यात मोजा. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तरच भरवसा ठेवा.

समुद्री टँकला, त्यातही कोरलला (प्रवाळांना), आरओ आणि त्यापुढे उरलेसुरले क्षार शोषणारं डीआय रेझिन हवंच. स्वयंपाकघरातला प्युरिफायर चालत नाही. त्यात चवीसाठी क्षार परत मिसळलेले असतात आणि आतली टाकी सात-आठ लिटरची. वेगळा 75 जीपीडीचा (दिवसाला 75 गॅलनचा) आरओ घ्या. पूर्ण दाब असेल तर तो तासाला 12 लिटरच्या आसपास पाणी देतो, म्हणजे 100 लिटरला आठ-नऊ तास. पण आरओच्या पडद्याला, म्हणजे मेम्ब्रेनला, त्यासाठी 4 बार दाब लागतो आणि गच्चीवरच्या टाकीपासून 10 मीटर खाली आलं की 1 बार मिळतो. वरच्या मजल्यांवर बूस्टर पंपाशिवाय पाणी टिपकत राहील आणि टीडीएसही जास्त येईल. पंपाआधी दाब पडला की पंप बंद करणारा लो-प्रेशर स्विच बसवा. गच्चीवरची टाकी संपली की पंप कोरडा फिरून जळतो.

आरओतून वाया जाणाऱ्या पाण्याची फार धास्ती नको. पालिकेचं 80 टीडीएसचं पाणी असेल आणि एक भाग शुद्ध पाण्यामागे दोन भाग बाहेर पडत असतील, तर त्या दोन भागांचा टीडीएस 120 च्या आसपास राहतो. धुणं, लादी, झाडं यांना ते उत्तम. टँकरच्या 600 टीडीएसवर मात्र रेझिन सात-आठपट लवकर संपतं.

जागा: माळा की जमीन?

बाथरूमवरच्या माळ्यावर टाकी ठेवून नळासारखं पाणी उतरवायची कल्पना मोहक आहे. पंप नको, वीज गेली तरी पाणी येतं, खालची जागा मोकळी. तरीही आमचा सल्ला स्पष्ट नकार आहे. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि 200 लिटरची भरलेली टाकी म्हणजे माळ्याच्या पातळ फळीवर कायमचे दोनशे किलो. राहत्या खोल्यांच्या स्लॅबसाठीही भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण 200 किलोचाच भार धरतात. माळा तर बॅगा आणि गाद्यांसाठी असतो. शिवाय समुद्री टँकसाठीच्या खास मिठाची 20 किलोची गोणी शिडीवरून वर नेणार कोण, आणि टाकीच्या तळाशी बसलेला पांढरा थर घासणार कोण?

ड्राय बाल्कनीत नळ, नहाणी ट्रॅप आणि वॉशिंग मशीनचा प्लग आधीच असतो. 200 लिटरच्या एका ड्रमपेक्षा 100 लिटरचे दोन घ्या: एक गोड्या आरओ पाण्याचा, दुसरा मीठ कालवायचा. वजन दोन जागी विभागतं, आणि एक गळला तरी दुसरा हाताशी राहतो. ड्रम भिंतीच्या कडेला ठेवा, कठड्याकडे नको. जुन्या इमारतीत पुढे आलेल्या बाल्कनीच्या सळ्या गंजलेल्या असतील तर तिथे ड्रम ठेवूच नका. जुन्या घरात मोरी असेल तर ती बाल्कनीपेक्षाही चांगली: ऊन नाही, उतार आहे, पाणी सांडलं तरी शेजाऱ्याच्या छताला ओल नाही. पश्चिमेच्या उन्हात पांढरा ड्रम आठवड्यात हिरवा होतो, म्हणून निळा किंवा काळा घ्या. फूड-ग्रेडच हवा. भंगारातल्या ड्रमला केमिकलचा वास येत असेल तर तो कितीही धुतला तरी नको.

झाकण घट्ट हवं आणि पाइपच्या भोकांना रबरी ग्रोमेट (फट बुजवणारी कडी). डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, आणि तपासणीला आलेल्या पालिकेच्या माणसाला उघडा ड्रम दिसला तर नोटीस येते.

ड्रमच्या तळाशी टँक निपल आणि यूपीव्हीसीचा बॉल व्हॉल्व्ह लावा. पितळी फिटिंग कुठेही नको, कारण खारं पाणी त्यातलं तांबं सोडवतं आणि कोरल, कोळंबी, गोगलगायी मरतात. आरओच्या ड्रमला तो भरला की पाणी बंद करणारा फ्लोट व्हॉल्व्ह लागतोच, आणि तो अडकला तर म्हणून वर एक ओव्हरफ्लो पाइप थेट ट्रॅपमध्ये सोडा. रात्री चालू ठेवलेल्या आरओने घरात पाणी होतं ते हा पाइप नसल्यामुळे. ड्रम जरा रिकामा झाला की लगेच भरून घेणंही टाळा. आरओ सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांचं पाणी जास्त टीडीएसचं असतं आणि ते रेझिन खातं. ड्रम अर्ध्यावर आला की एकदाच भरा, पहिले दोन लिटर फेकून.

हॉलमधल्या टँकपर्यंत दहा मीटर होज असेल तर तासाला 2000 लिटरचा आणि किमान अडीच मीटर हेडचा (तेवढ्या उंचीपर्यंत पाणी चढवणारा) पंप घ्या. होजचं टोक टँकच्या पाण्यात बुडवू नका. पंप बंद झाला की टँकचं पाणी उलटं ड्रममध्ये येऊ लागतं, आणि ड्रमची पातळी वर असेल तर पंप बंद करूनही ते हॉलमध्ये वाहत राहतं. टोक टँक आणि ड्रम दोन्हींच्या पाण्याच्या वर बांधा. प्लगला गळती होताच वीज तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी, कारण खाऱ्या तुषारांचा थर सॉकेटवर चढतोच.

कालवून ठेवायचं की वेळेवर कालवायचं?

वेळेवर. झाकलेलं आरओ पाणी आठवडेच्या आठवडे टिकतं. खारं पाणी पंप चालू ठेवून साठवलं तर कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (कार्बोनेट) थर होऊन ड्रमला चिकटतात आणि टँकला कमी मिळतात. पाणी बदलायच्या आदल्या दिवशी 100 लिटरला 3.6 ते 3.8 किलो मीठ घाला. आधी पाणी, मग पंप, मग थोडंथोडं मीठ. मिठावर पाणी ओतलं तर दुधाळ गदळ होतं आणि ते परत विरघळत नाही. पावसाळ्यात गोणी ओल धरते, मग वजनाचा काटा फसवतो. अंतिम मोजमाप खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरचं: 25 अंशांना विशिष्ट घनता 1.026. तो नुसत्या पाण्यावर शून्य न करता 35 पीपीटीच्या (किलोमागे 35 ग्रॅम क्षार) द्रावणावर जुळवा. हीटर मुंबईत बहुतेक महिने लागत नाही.

200 लिटरच्या टँकचं दर आठवड्याला 10 टक्के बदलायचं म्हणजे 20 लिटर. मासे आजारी पडले तर एकदम 30 टक्के, म्हणजे 60. दोन ड्रम यासाठी पुरेसे आहेत.

भाड्याचं घर असेल तर

वरचं बहुतेक बसवूच नका. वीस लिटरचे पाच कॅन, बादलीत एक छोटा पंप आणि नळाला जोडायचा सुटा आरओ पुरे. गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या कॅनना वेगळ्या रंगाची झाकणं लावा. बाष्पीभवनाची भरपाई चुकून खाऱ्या पाण्याने झाली तर टँकचा खारटपणा दर दिवशी चढत जातो. कॅन तीन-चतुर्थांशच भरा. पूर्ण भरलेला कॅन टँकच्या उंचीपर्यंत उचलताना पाठ धरते आणि पाणी लादीवर सांडतं.