जीनोम, प्लाझ्मा की एक्सएफसीई?

लिनक्सवर डेस्कटॉप, म्हणजे पट्टी, मेनू आणि खिडक्या यांची पडद्यावरची मांडणी पुरवणारी प्रणाली, निवडताना लोक आधी रंगरूप पाहतात, पण जीनोम, प्लाझ्मा आणि एक्सएफसीई या तिन्ही डेस्कटॉपांवर रोजचे काम केल्यानंतर मी एकाच कसोटीला महत्त्व देतो: आपल्या सवयीप्रमाणे मांडणी करून घेण्यासाठी किती बदल करावे लागतात आणि नवी आवृत्ती आल्यावर ते बदल टिकतात का.

जीनोमने 2011 मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत, जुनी पट्टी आणि मेनू बाजूला सारून स्वतःची वेगळी पद्धत आणली. टचपॅडवर तीन बोटे वर सरकवली की उघड्या खिडक्या एका नजरेत समोर येतात, आणि लॅपटॉपवर याहून सुखाची सोय मला दुसरीकडे मिळालेली नाही. मात्र खिडकीच्या शीर्षकपट्टीवर मुळात फक्त बंद करण्याचे बटण असते. कायमची पट्टी किंवा जुन्या धर्तीचा मेनू हवा असेल, तर एक्स्टेन्शनचा, म्हणजे वेगळ्या जोडलेल्या छोट्या प्रोग्रामचा, आधार घ्यावा लागतो. प्रत्येक एक्स्टेन्शन जीनोमच्या ठरावीक आवृत्त्यांपुरते असते आणि नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, त्यामुळे एक्स्टेन्शन लिहिणाऱ्याने वेळेवर सुधारणा केली नाही तर ते चालेनासे होते. म्हणून जीनोम आहे तसा आवडत असेल तरच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्या मुख्य संगणकावर केडीई या प्रकल्पाचा प्लाझ्मा आहे. पट्टी, मेनू, खिडक्यांची बटणे सगळे ओळखीच्या जागी असते. डॉल्फिन या फाइल व्यवस्थापकात एफ३ दाबले की खिडकीचे दोन भाग होतात आणि एफ४ दाबले की त्याच फोल्डरमध्ये टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याची जागा) उघडते. दिवसभर फायली इकडून तिकडे हलवणाऱ्याला या दोन कळांची किंमत लगेच कळते. वेगवेगळ्या पिक्सेल-घनतेचे दोन पडदे जोडले असतील, तर वेलँडवर (खिडक्या पडद्यावर दाखवण्याच्या नव्या पद्धतीवर) प्रत्येक पडद्यावरील मजकुराच्या आकाराचे प्रमाण स्वतंत्र ठेवता येते. सेटिंगांचा पसारा मोठा आहे, ही तक्रार खरी आहे. पण आपण बदललेल्या सेटिंगांवर खूण दाखवण्याची सोय त्यातच आहे आणि ती मी पहिल्याच दिवशी सुरू करतो.

जुन्या, कमी मेमरीच्या संगणकासाठी मी एक्सएफसीईच सुचवतो. त्याची 4.18 आवृत्ती डिसेंबर 2022 मध्ये आली आणि 4.20 डिसेंबर 2024 मध्ये. या संथ गतीमुळेच एकदा लावलेली घडी वर्षानुवर्षे मोडत नाही. शीर्षकपट्टीवर माउसचे चाक फिरवले की खिडकी गुंडाळली जाऊन फक्त शीर्षकपट्टी उरते, हे मला फार आवडते. जास्त घनतेच्या पडद्यावर मात्र तो कमी पडतो, आणि 4.20 मध्येही वेलँडचा आधार प्रायोगिकच आहे.

तिन्ही एकाच यंत्रावर बसवून लॉगिनच्या वेळी हवा तो निवडता येतो, पण एकाच खात्यात तसे केल्यास थीम आणि सेटिंगांची सरमिसळ होऊ शकते. म्हणून चाचणीपुरते प्रत्येकासाठी वेगळे खाते उघडावे आणि किमान आठवडाभर त्यावर आपले नेहमीचेच काम करावे.