गिट एलएफएस: नवशिक्यांच्या अभ्यासक्रमातल्या चित्रांसाठी घ्यावं का?

गिटमध्ये, म्हणजे फाइलींच्या सगळ्या आवृत्त्या जपणाऱ्या प्रणालीत, पीएनजी स्क्रीनशॉट बदलला की जवळजवळ अख्खी फाईल पुन्हा साठते, आणि चित्र डिलीट केलं तरी जुनी प्रत इतिहासात राहते. एलएफएस (लार्ज फाईल स्टोरेज, मोठ्या फाइलींसाठीची गिटची जोड) यावर चोख काम करतं: रिपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाच्या गिट फोल्डरात, फक्त तीन ओळींचा पॉइंटर (खऱ्या फाईलकडे बोट दाखवणारा मजकूर), खरं चित्र वेगळ्या साठ्यात. मात्र कोणत्या फाइली एलएफएसकडे द्यायच्या हा 'ट्रॅक'चा नियम चित्रांच्या पहिल्या कमिटआधीच (गिटमधल्या नोंदीआधीच) द्यायला हवा. नंतर जुनी चित्रं एलएफएसमध्ये हलवायला 'मायग्रेट इम्पोर्ट' ही आज्ञा चालवली तर इतिहास नव्याने लिहिला जातो आणि प्रत्येकाला पुन्हा क्लोन करावं लागतं, म्हणजे प्रकल्पाची प्रत नव्याने उतरवावी लागते. नवशिक्यांवर ही वेळ आणूच नये.

खरी अडचण पुढे आहे. गिटहब पेजेसवर (रिपॉझिटरीतून थेट वेबसाइट दाखवणाऱ्या गिटहबच्या सेवेवर) एलएफएस चालत नाही, तिथे धड्यातली चित्रं तुटलेली दिसतात. एलएफएस इन्स्टॉल न करता क्लोन करणाऱ्याला चित्राऐवजी पॉइंटरचा मजकूर मिळतो, आणि बिचारा समजतो आपलंच काही चुकलं.

व्हिडिओ किंवा फोटोशॉपच्या मूळ फाइलींसाठी एलएफएस उत्तमच. धड्यांसाठी साधं गिट पुरतं: स्क्रीनशॉट कमिटआधीच १२०० पिक्सेल रुंदीपर्यंत आणून पीएनजीक्वांट या पीएनजी लहान करणाऱ्या साधनातून काढा, आकृत्या एसव्हीजी या मजकुरावर आधारित चित्रप्रकारात ठेवा. फाइलींची नावं सगळी लहान इंग्रजी अक्षरांत (लोअरकेस) द्या. नावात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडला तर विंडोजवर चालून जातं, पण लिनक्स सर्व्हरवर फाईल सापडत नाही.