इलाईट बीट एजंट्स : डीएसवरचा सगळ्यात दुर्लक्षित रिदम गेम आणि माझा सगळ्यात लाडका

निन्टेंडो डीएस या दोन स्क्रीनच्या छोट्या कन्सोलचा विषय निघाला की लोक मारिओ म्हणतात, पोकेमॉन म्हणतात, फार तर ब्रेन ट्रेनिंग. इलाईट बीट एजंट्सचं नाव घेणारा क्वचितच भेटतो आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण हातात धरून खेळायच्या कन्सोलवर इतका जीव ओतून बनवलेला रिदम गेम, म्हणजे गाण्याच्या ठेक्यावर खेळायचा गेम, मी दुसरा पाहिलेला नाही.

जपानच्या आयनिस कंपनीने बनवलेला, निन्टेंडोने काढलेला, अमेरिकेत आला नोव्हेंबर २००६ मध्ये. त्याच्या आधी २००५ साली यांनीच जपानमध्ये 'ओसू! ताताकाए! ओएन्दान' काढला होता, त्यात मॅचला ओरडून जोश देणारं काळ्या युनिफॉर्ममधलं पथक अडचणीत सापडलेल्या लोकांच्या मदतीला धावून जातं. तो फक्त जपानी भाषेत होता, पण डीएसला रीजन लॉक नसल्यामुळे, म्हणजे एका देशातला गेम दुसऱ्या देशातल्या डीएसवरही चालत असल्यामुळे, बाहेरच्या लोकांनीही मागवून मागवून खेळला. मग बाहेरच्यांसाठी नवीन गेम केला, पथकाच्या जागी काळे सूट घातलेले सरकारी एजंट आले, जपानी गाण्यांच्या जागी इंग्लिश गाणी आली. कुणी संकटात पडून "हेल्प!" म्हणून ओरडलं की कमांडर कान एजंटांना पाठवतो आणि हे तिघं तिथे जाऊन नाचतात. बस, एवढंच, त्यांच्या नाचाने समोरच्याला बळ येतं. ऐकायला येडपट वाटतं, आहेच येडपट, पण गेम ते इतक्या मनापासून करतो की पाच मिनिटांत आपणही त्यात पूर्ण घुसतो.

आता खेळायचं कसं ते सांगतो. खालच्या टचस्क्रीनवर आकडे लिहिलेली वर्तुळं येतात, प्रत्येकाभोवती एक मोठी रिंग असते, ती आकसत आकसत वर्तुळाला येऊन टेकली की त्याच क्षणी स्टायलसने (टचस्क्रीनच्या पेनने) टॅप करायचं. जितकं अचूक तितके जास्त मार्क, ३००, १०० किंवा ५०. काही ठिकाणी पट्टी येते, तिच्यावरून एक बॉल घरंगळत जातो, स्टायलस न उचलता त्याच्या मागे जायचं, कधी तो टोकाला जाऊन उलटा परत येतो. आणि मधूनच एक मोठं चक्र येतं, ते गरागरा फिरवायचं. इतकंच आहे, कुठलंही बटण नाही.

पण खरी मजा आहे वर्तुळं कुठे आणि कधी टाकली आहेत त्यात, आणि इथे मी या गेमवर फिदा आहे. बाकीचे बरेच रिदम गेम ड्रमचा ठेका पकडतात आणि शेवटपर्यंत तोच धरून बसतात. इथे कडव्यात तुम्ही गायकाचे शब्द वाजवत असता, एकेका अक्षराला एकेक टॅप, मग दोन ओळींच्या मधे गिटारचा छोटासा तुकडा येतो तर वर्तुळं पटकन तिकडे वळतात, गायकाने सूर लांबवला की तिथे बरोबर पट्टी येते आणि त्या लांबलेल्या सुराबरोबर तुमचा हातही सरकत जातो. स्क्रीनवरची जागासुद्धा उगाच नाही, ठेका जवळजवळ असेल तर वर्तुळं जवळजवळ, मोठा गॅप असेल तर थेट दुसऱ्या कोपऱ्यात, म्हणजे हाताला किती लांब उडी मारायची त्यावरूनच वेळेचा अंदाज येतो. जरा सवय झाली की डोळे नुसते रस्ता दाखवतात आणि बाकी सगळं कान करतो. जी गाणी मला एरवी बोअर वाटायची त्यातला बास काय करतोय ते मला या गेममुळे ऐकू यायला लागलं, आणि हे कौतुक मी फार कमी गेमचं करेन.

वरच्या स्क्रीनवर कॉमिकसारखी गोष्ट चालू असते. बाळंतपणाला निघालेल्या बाईला हॉस्पिटलला पोचवणारा टॅक्सीवाला, घरापासून लांब राहिलेला कुत्रा, शरीरात व्हायरसशी लढणारी पांढरी पेशी, एका लेव्हलमध्ये तर चक्क लिओनार्दो दा विंची मोनालिसाला पटवायला बघतोय. प्रत्येक गाण्याचे काही भाग पाडलेत आणि भाग संपला की स्क्रीनवरचा मीटर, जो अचूक टॅपने भरतो, तो बघून ठरतं त्या माणसाचं जमलं की फसलं, आणि फसलं तरी तो प्रसंग मुद्दाम वेगळा काढलेला आहे, नुसतं गेम ओव्हर नाही. मीटर आपोआप सतत उतरत असतो त्यामुळे निवांत बसायची सोयच नाही, चुकला की अजून उतरतो, रिकामा झाला की गाणं पहिल्यापासून.

आणि मग ती ख्रिसमसवाली लेव्हल. शिकागो बँडचं एक संथ गाणं आहे त्यावर. लुसी नावाची छोटी मुलगी, तिचे बाबा आता परत येणार नाहीयेत आणि ती वाट बघतेय. तोपर्यंत नाचूनओरडून गोंधळ घालणारे एजंट इथे एकदम शांत होतात, वर्तुळंसुद्धा हळूहळू येतात. टॅप करायला सोपी लेव्हल आहे तरी माझा हात तिथे जड होतो. ज्या गेममध्ये पांढरी पेशी व्हायरसशी मारामारी करते त्याच गेमने मला रडवलं, आणि कुठेही खोटं वाटत नाही, कारण सगळ्या गोष्टी त्यांनी तितक्याच गांभीर्याने सांगितल्यात.

मग इतका चांगला गेम चालला नाही तो का? माझं मत विचाराल तर वेळ चुकली. त्याच महिन्यात अमेरिकेत निन्टेंडोचाच नवा कन्सोल वी आला, त्याच महिन्यात प्लेस्टेशन २ वर गिटार हीरो २ आला, प्लास्टिकची गिटार गळ्यात अडकवायची सोडून छोट्या स्क्रीनवर टॅप करणाऱ्या सूटवाल्यांकडे कोण बघणार. जपानमध्ये २००७ ला ओएन्दानचा दुसरा भाग आला, एजंटांचा पुढचा भाग मात्र आजवर आलेला नाही. गंमत म्हणजे पीसीवर जो फ्री 'ओसू!' गेम जगभर खेळला जातो, तो २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका प्रोग्रामरने याच खेळायच्या पद्धतीवर बनवला. म्हणजे वर्तुळं आणि रिंग जगभर पोचली आणि मूळ गेम मागे राहिला.

खटकणाऱ्या गोष्टी आहेत. सगळ्यात मोठी म्हणजे खेळताना नजर खालच्या स्क्रीनवरून हलवता येत नाही, त्यामुळे इतक्या प्रेमाने काढलेली वरची गोष्ट नेमकी तुम्हालाच दिसत नाही, शेजारी बसलेला हसतो आणि आपण विचारतो काय झालं. यावर उपाय म्हणून रिप्ले सेव्ह करून नंतर बघता येतो, मी कठीण लेव्हल जिंकली की आधी तेच करतो. गाणी मूळ गायकांची नाहीत, दुसऱ्यांकडून गाऊन घेतलीत, काही मस्त जमलीत आणि काही ऐकताना फरक कळतो. सगळी मिळून १९ च गाणी, आणि आवड लागली की ती कमी वाटतात. कठीण लेव्हलला शेवटच्या दहा सेकंदांत हरलात तर अख्खं गाणं परत, मधल्या कठीण तुकड्याचा वेगळा सराव करायची सोय नाही, याचा मला मनापासून राग येतो.

पण चार मोड आहेत आणि प्रत्येकात त्याच गाण्याची वर्तुळं वेगळी मांडलीत, त्यामुळे १९ गाणी पुरतात बराच काळ. सगळ्यात वरच्या हार्ड रॉकमध्ये एजंटांच्या जागी तीन मुली येतात, वर्तुळं बारीक होतात आणि रिंग इतकी झपाट्याने आकसते की विचार करायला गेलात तर मेलात. शेवटची लेव्हल, ज्यात एलियन येऊन पृथ्वीवर संगीतच बंद पाडतात, ती हार्ड रॉकवर पूर्ण करणं हे माझ्यासाठी कुठल्याही गेममधल्या बॉसपेक्षा मोठं आहे. मित्रांकडे डीएस असेल तर चौघांपर्यंत एकत्र खेळता येतं, तेही भारी आहे.

कार्ट्रिज आता सेकंड हँडच बघावं लागेल. डीएसनंतर आलेल्या थ्रीडीएसवरही चालतं, आणि मी तर म्हणेन मोठ्या स्क्रीनचं एक्सएल मॉडेल असेल तर त्यावरच खेळा, वर्तुळांना जागा मिळते. घेताना टचस्क्रीनचे चारही कोपरे टॅप करून बघा, कारण एक कोपरा जरी नीट चालत नसेल तरी गेम खेळण्यात अर्थ नाही, आणि चक्र फिरवताना जोर लावू नका, स्क्रीनवर ओरखडे पडतात. हेडफोन मात्र पाहिजेच. सुरुवात ब्रीझिन या सगळ्यात सोप्या मोडने नाही, त्याच्या वरच्या क्रूझिनने करा, ब्रीझिनमध्ये इतकी कमी वर्तुळं येतात की गाणं हाताला लागतच नाही आणि लोक तिथेच बोअर होऊन सोडून देतात.