भात फडफडीत की आसट? : कोथरूडमधील एका घरगुती डब्याचा आठ महिन्यांचा अनुभव

आईच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली, तेव्हा घरात सर्वांना पहिली काळजी वाटली ती माझ्या धाकट्या भावाच्या जेवणाची. तो २६ वर्षांचा आहे, स्वमग्न आहे (म्हणजे त्याला ऑटिझम आहे), सकाळच्या वेळात एका छापखान्यात मुद्रिते तपासण्याचे काम चोख करतो आणि लहानपणापासून मोजक्या चौदा-पंधरा पदार्थांवर जगत आला आहे. हे पदार्थही आईच्या हातचे आणि आईच्याच पद्धतीने केलेले असावे लागत. ती अंथरुणावर असताना दोन्ही वेळचे जेवण बाहेरून आणण्यावाचून इलाज नव्हता. गेले आठ महिने ज्या घरगुती डब्यावर आमचे चालले आहे, त्याविषयी हे लिहीत आहे. डबा करणाऱ्या काकू चाळीस डब्यांपेक्षा जास्त घेत नाहीत आणि जाहिरात नको असे त्यांचे स्पष्ट म्हणणे आहे, म्हणून त्यांचे नाव येथे दिलेले नाही.

त्याआधी आम्ही दुसरीकडे महिनाभर डबा लावला होता. जेवण स्वच्छ होते, चवीलाही वाईट नव्हते. मात्र भाताची मूद वरणात भिजलेली यायची, कोशिंबिरीचे पाणी पोळीच्या कप्प्यात उतरलेले असायचे आणि फ्लॉवर-बटाट्याच्या भाजीत टोमॅटोची साले गुंडाळी होऊन तरंगत असायची. भाऊ डबा उघडायचा, बोटाच्या टोकाने भाताला हात लावून पाहायचा आणि झाकण परत लावून ठेवायचा. आम्ही अडचण सांगितली तेव्हा ‘एवढ्या मोठ्या माणसाचे इतके लाड कशाला, भूक लागली की खाईल’ असे उत्तर मिळाले. भूक लागली तरी त्याने खाल्ले नाही, आणि महिन्याअखेरीस त्याचे वजन चार किलोंनी उतरले होते.

काकूंना पहिला फोन केला तेव्हा मी नेहमीप्रमाणे ऑटिझम म्हणजे काय येथून सुरुवात करणार होते. त्यांनी मला मध्येच थांबवून विचारले, “ते सगळं सावकाश सांगा. आधी मला एवढंच सांगा, भात कसा लागतो त्याला? फडफडीत, मोकळा, की आसट?” इतक्या वर्षांत डॉक्टरांपासून नातेवाइकांपर्यंत सर्वांनी ‘त्याला काय आवडते’ एवढेच विचारले होते. पदार्थ तोंडात कसा लागतो हे विचारणाऱ्या काकू पहिल्याच. पुढची चाळीस मिनिटे आम्ही फक्त पोताविषयी बोललो, आणि आपल्या भाषेत त्यासाठी किती नेमके शब्द तयार आहेत याचे मला प्रथमच नवल वाटले: गिळगिळीत, बुळबुळीत, लिबलिबीत, चिकट, वातड, रवाळ, पिठूळ, गच्च, खुसखुशीत, कुरकुरीत. काकू एकेक शब्द उच्चारत गेल्या, मी चालेल किंवा नाही एवढेच सांगत गेले, आणि फोन ठेवला तेव्हा त्यांच्या वहीत भावाचे एक पान पूर्ण झाले होते.

हा प्रश्न आवडीनिवडीचा किंवा हट्टाचा नाही, हे येथे स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. चव जिभेवरच्या रुचिकलिकांतून कळते. पण पदार्थाचा मऊपणा, खरखर, चिकटपणा, गरम-थंडपणा हे सारे चेहऱ्याच्या त्रिशाखी चेतेमार्फत (ट्रायजेमिनल मज्जातंतूमार्फत) स्पर्श म्हणून मेंदूकडे जाते. ज्याला सदऱ्याच्या कॉलरची शिवलेली पट्टी दिवसभर टोचते, त्याला शिजलेल्या कांद्याची बुळबुळीत पाकळी तोंडात तितकीच असह्य होऊ शकते, आणि तिथे तिला टाळून चालतही नाही. बाल्टिमोरचे बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन करून ही अवस्था मांडली, तेव्हाच त्यांतल्या अनेकांच्या खाण्याच्या अडचणी नोंदवल्या होत्या; तरीही संवेदनांची अतितीव्रता अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-निकषांत यायला २०१३ साल उजाडावे लागले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, आधीच्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात स्वमग्न मुलांमध्ये खाण्याच्या समस्या असण्याची शक्यता इतर मुलांच्या सुमारे पाचपट आढळली, आणि त्यांच्या आहारात कॅल्शियम व प्रथिने कमी पडत असल्याचेही दिसले, जरी उंची-वजनात लक्षणीय फरक दिसला नव्हता. त्यामुळे अंगाने बरा दिसतो म्हणजे पोषण बरे आहे, असे घरच्यांनी धरून चालू नये. अतिशय मर्यादित आहारामुळे स्वमग्न मुलांना स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार) झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. आमच्याकडे भाऊ गाळलेले लिंबाचे सरबत आवडीने पितो, ही त्यातली समाधानाची बाब.

आता प्रत्यक्ष डब्याविषयी. भातासाठी काकू कोलम वापरतात, कारण तो शिजल्यावर शिते सुटी राहतात. इंद्रायणी आणि आंबेमोहोर सुवासिक असले तरी चिकट होतात, आणि चिकट भात भावाला चालत नाही. पण तांदूळ योग्य निवडूनही पहिल्या आठवड्यात भात दोनदा परत आला. काकूंनी डबा स्वतः उघडून पाहिला तेव्हा कारण सापडले. गरम भात डब्यात भरून लगेच झाकण लावले की वाफेचे थेंब झाकणाखाली जमतात आणि वरच्या थरावर गळतात, त्यामुळे वरचा भात ओला आणि खालचा मोकळा राहतो. एकाच घासात दोन पोत आले की भाऊ पुढचा घास घेत नाही. तेव्हापासून काकू त्याचा भात आधी परातीत पसरतात, पाच-सात मिनिटांनी वाफ गेली की मगच डब्यात भरतात, आणि झाकणाखाली सुती कापडाचा चौकोनी तुकडा ठेवतात. वरण नेहमी वेगळ्या, घट्ट फिरकीच्या डबीत येते. तुरीची डाळ इतकी घोटलेली असते की डाळीचा एक दाणाही जिभेला लागत नाही, आणि ते भातावर कधी व किती घ्यायचे हे भाऊ स्वतः ठरवतो.

भाजीच्या बाबतीत फोडणी ही मोठी अडचण होती. मोहरी दाताखाली फुटते तो क्षण त्याला सहन होत नाही, आणि कढीपत्त्याचे पान तोंडात आले तर तो जेवण सोडून उठतो. काकूंनी फोडणीचे तेल गाळून घालायला सुरुवात केली. मोहरी, जिरे, कढीपत्ता यांचा स्वाद तेलात उतरलेला असतो, दाणा मात्र एकही नसतो. बटाट्याच्या काचऱ्या किसणीच्या पातीवर एकाच जाडीच्या पाडतात, कारण हाताने चिरलेल्या काचऱ्यांत पातळ कुरकुरीत होतात आणि जाड मऊ राहतात. काकडी येते ती चिरलेली आणि कोरडी. मीठ लावले की तिला पाणी सुटते, म्हणून मिठाची पुडी वेगळी असते. भेंडी धुऊन, पुसून, पूर्ण वाळल्यावर चिरतात आणि झाकण न ठेवता परततात, तरीही ती भाऊ अजून खात नाही. काकूंनी तो विषय सोडून दिला आणि तेही मला योग्यच वाटले.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचे वाटते ते सातत्य. स्वमग्न व्यक्ती पुड्यातली बिस्किटे आणि पाकिटातले वेफर्स इतक्या हट्टाने का खातात, असे अनेक पालक चिंतेने विचारतात. त्याचे एक सरळ कारण असे की पुड्यातले पहिले बिस्कीट आणि शेवटचे बिस्कीट सारखेच लागते. द्राक्षांच्या एकाच घडात एक मणी टणक-आंबट आणि शेजारचा मऊ-गोड निघतो, केळे सकाळी घट्ट असते आणि दुसऱ्या दिवशी लिबलिबीत होते. ज्याला प्रत्येक घास नवा धक्का असू शकतो, तो माणूस खात्रीच्या पदार्थाकडे वळणारच. घरच्या स्वयंपाकात ही खात्री देणे अवघड असते. आईने ती २६ वर्षे दिली, कुणाच्या लक्षातही न येता. काकू ती चाळीस डब्यांच्या घाईत देतात. जिथे देता येणार नाही, तिथे आदल्या रात्री कळवतात. ‘उद्या फुलके ज्वारीचं पीठ घालून आहेत, रंग वेगळा दिसेल’ असा निरोप आणि सोबत छायाचित्र आले की भावाची सकाळ निर्धास्त जाते.

नवा पदार्थ देण्याची त्यांची रीतही लिहिण्यासारखी आहे. भावाला बटाट्याचे रव्यात घोळवून परतलेले काप चालत होते. काकूंनी त्याच आकाराचे, त्याच जाडीचे, तशाच रव्यात घोळवलेले कच्च्या केळ्याचे काप एका वेगळ्या छोट्या डबीत, नेहमीच्या पूर्ण जेवणाच्या जोडीला दिले. डबीवर चिठ्ठी होती: ‘कच्चं केळं. खाल्लं नाही तरी चालेल.’ पाच वेळा डबी जशीच्या तशी परत गेली. सहाव्या वेळी एका कापाचा कोपरा कुरतडलेला होता. त्यानंतर तीन आठवड्यांनी दोन काप संपले, आणि आता महिन्याभरापासून सुरणाचे कापही तो खातो आहे. त्याच्या यादीत चार वर्षांनंतर नवे पदार्थ आले. आईला मी ही बातमी दिली तेव्हा ती वॉकर धरून उभी राहायला शिकत होती, आणि ती तशीच खुर्चीत बसून रडली.

उणिवाही सांगायला हव्यात. होळीच्या दिवशी काकूंनी सर्व डब्यांत पुरणपोळी आणि कटाची आमटी दिली, नेहमीचे जेवण त्या दिवशी नव्हते आणि निरोपही आला नाही. सणाचे म्हणून त्यांनी आपुलकीने केले असले, तरी भाऊ त्या दिवशी दूध-बिस्किटांवर राहिला. त्यानंतरच्या प्रत्येक सणाला त्याचा साधा डबा वेगळा आला, हे सांगणेही तितकेच आवश्यक. रविवारी सुट्टी असते. पोहोचवणारा मुलगा बदलला की डबा पिशवीत आडवा येतो आणि वरणाची डबी कितीही घट्ट असली तरी थोडी ओल लागतेच. पिशवीत उभा डबा बसेल असा पुठ्ठ्याचा कप्पा आम्ही स्वतः करून दिला आहे. प्रथिनांच्या दृष्टीने डबा अजून तोकडा आहे. उसळींची साले भावाला चालत नाहीत, त्यामुळे वरण आणि घरचे विरजलेले, गुठळी नसलेले दही यांवरच भिस्त आहे, आणि त्यासाठी आहारतज्ज्ञांचा सल्ला वेगळा घ्यावा लागला. कुठल्याही डब्याकडून ही अपेक्षा पूर्ण होणार नाही.

दोन वेळच्या डब्याचे महिन्याला ६,२०० रुपये होतात. भावाच्या वेगळ्या करण्याचे काकू जादा पैसे घेत नव्हत्या. आम्हीच आग्रह करून ३०० रुपये वाढवून दिले. आई आता हिंडू-फिरू लागली आहे आणि दुपारचा स्वयंपाक तिने पुन्हा हाती घेतला आहे, पण रात्रीचा डबा भावाच्या सांगण्यावरून चालूच ठेवला आहे. नव्या तांदळाचा भात चिकट होतो आणि दिवाळीनंतर बाजारात नवा तांदूळ येऊ लागतो, म्हणून काकूंनी मागच्या आठवड्यात वर्षभर जुन्या कोलमचे एक पोते त्याच्यासाठी वेगळे घेऊन ठेवले आहे. त्यावर त्याचे नाव लिहिलेले छायाचित्र त्यांनी पाठवले, आणि भावाने ते जपून ठेवले आहे.