महाडात घर बांधायचंय: पुराचं शहर की दरडीचा पायथा?

मुंबईतून निवृत्त होणारे ओळखीतले तिघेचौघे सध्या महाड तालुक्यात जागा बघतायत. घोळ एकच: शहरात बाजारपेठेजवळ घ्यावी, की जाहिरातीतल्या ‘डोंगराच्या कुशीत’?

शहर म्हटलं की पूर आलाच. इथल्या सावित्री नदीचा उगम महाबळेश्वरचा, त्यामुळे वर कोसळलेलं पाणी काही तासांत खाली येतं. त्यात गांधारी नदीची भर. नेमकी तेव्हाच सावित्री जिथे समुद्राला मिळते त्या बाणकोटच्या खाडीला भरती असली, तर पाण्याला पुढे वाटच उरत नाही. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९० मिमीहून जास्त पाऊस झाला, आणि महाडचे तळमजले बुडाले. २००५ चा मोठा पूर त्याआधी अवघ्या १६ वर्षांपूर्वीचा.

तरी पूर मोजता येतो. पाणी कुठवर चढलं होतं ते शेजारी भिंतीवर हात लावून दाखवतात. जलसंपदा खात्याच्या पूररेषा असतात: निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळीच्या आतली जागा फुकट मिळाली तरी नको. आणि ‘१०० वर्षांतून एकदा’ म्हणजे एकदा येऊन गेला की नातवंडांपर्यंत निवांत, असं नाही. दर पावसाळ्यात शंभरातली एक शक्यता नव्याने असतेच.

दरडीचा हिशेब वेगळा. महाड तालुक्यातल्याच गावांवर दरडी कोसळल्यात: २५ जुलै २००५ ला दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते. २२ जुलै २०२१ ला तळिये. एकट्या तळियेत ८० हून जास्त माणसं गेली. आपल्याकडे कातळावर माती-मुरमाचा थर असतो. सलग पावसात पाणी त्यात मुरतं, थर जड होतो, त्याची कातळावरची पकड सुटते आणि अख्खा उतार खाली येतो. पुरात सामान माळ्यावर चढवायला निदान काही तास मिळतात. इथे उंबरा ओलांडायलाही वेळ मिळेल याची खात्री नाही.

‘आमचं गाव दरडीचा धोका असलेल्या गावांच्या सरकारी यादीत नाही’ हे वाक्य मी फार ऐकतो. १९ जुलै २०२३ ला याच रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी गाडली गेली, तीही यादीत नव्हती. त्यामुळे यादी बघाच, पण मागचा उतारही चढून बघा. रस्त्यासाठी किंवा प्लॉट सपाट करायला पायथा खोदलाय का? वर जमिनीला भेगा आहेत का? झाडं, विजेचे खांब कललेत का? पावसात झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होतं का, हे वाडीतल्या म्हाताऱ्यांना विचारा. एजंट जागा दाखवतात डिसेंबरात, तेव्हा सगळंच छान दिसतं. इसार देण्याआधी जुलैतली एक फेरी माराच.

वादळाचं म्हणाल तर ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं. पत्रे दोन्हीकडे घट्ट बसवावे लागतील, त्यावरून निवड करू नका.

मी शहर घेईन. लाल रेषेबाहेर मिळालं तर उत्तमच. नाही तर उंच जोतं, राहणं वरच्या मजल्यावर, खाली फक्त गाडी. गुडघे दुखत असतील तर जिन्याचा त्रास आहे, मान्य. पायथ्याची जागा मात्र भूवैज्ञानिकाने उतार पाहिल्याशिवाय घेणार नाही, मग समोर कितीही सुंदर धबधबा असो.