तारापूरची टूर: काचेसाठी सगळे धावतात, तुम्ही खड्ड्यांची घ्या

किरणोत्सारी कचऱ्यावरच्या कॉन्फरन्सला जोडून जी टेक्निकल टूर असते ती घ्यावी का, असं स्टाफरूममध्ये दोघातिघांनी विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. टूर तारापूरच्या अणुकेंद्राची. फॉर्मवर दोन पर्याय असतात: एक काचीकरण, म्हणजे जहाल कचरा काचेत बंदिस्त करणं, आणि दुसरा कमी किरणोत्साराच्या घनकचऱ्याची जागा अधिक पर्यावरण प्रयोगशाळा. पहिला मी आधीच्या कॉन्फरन्सला केला होता, दुसरा यंदा. पहिल्याच्या जागा दोन दिवसांत भरतात आणि दुसऱ्यासाठी आयोजकांना मेल करकरून माणसं गोळा करावी लागतात, आणि माझ्या मते हे अगदी उलटं व्हायला हवं.

काचीकरण वाईट नाही हां. अणुभट्टीत वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया झाली की जे जहाल द्रव उरतं ते बोरोसिलिकेट काचेत हजार डिग्रीच्या आसपास वितळवून स्टीलच्या डब्यात ओततात, काच थंड होऊन घट्ट झाली की सीझियम, स्ट्रॉन्शियम असलं किरणोत्सारी सगळं त्या काचेचाच भाग होऊन बसतं, पाण्यानं सहज सुटत नाही. केमिस्ट्रीवाल्याला हे ऐकायलाच भारी वाटतं. पण प्रत्यक्षात दिसतं काय, तर शिशाच्या जाड पिवळसर काचेच्या खिडकीतून पलीकडचे यांत्रिक हात, बाकी सगळं मॉडेल आणि पोस्टर. त्यात आयोजकांनी दोन बसची माणसं एकाच वेळी आत सोडलेली, त्या एका खिडकीसमोर सिनेमाच्या तिकीटबारीसारखी रेटारेटी, मागच्यांना पुढच्यांची डोकी बघूनच परत यावं लागलं. ते डबे नंतर जिथं थंड करत ठेवतात त्या व्हॉल्टची माहिती मात्र मस्त सांगितली: गरम हवा आपोआप वर चिमणीतून निघून जाते आणि खालून गार हवा ओढली जाते, पंखा नाही, पंप नाही. आमच्याकडं पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते ते ज्यांना माहितेय त्यांना यातली अक्कल लगेच कळेल.

आता दुसरी टूर. हातमोजे, फडकी, कापडी बूट, फिल्टर असला कचरा आधी दाबून किंवा जाळून कमी करतात, काही सिमेंटमध्ये बसवतात, आणि मग तीव्रतेप्रमाणे जागा ठरते. अगदी किरकोळ असेल तर दगडी अस्तराचे साधे चर, त्याच्या वर असेल तर जाड भिंतीचे काँक्रीटचे चर, खोली जवळपास पाच मीटर, आणि त्याहून जास्त असेल तर जमिनीत उभ्या गाडलेल्या नळ्या, त्यांना तिथं टाइल होल म्हणतात. चर भरला की वर काँक्रीटचं झाकण, त्यावर वॉटरप्रूफिंग, आणि आजूबाजूला बोअर मारून त्यातलं पाणी ठरलेल्या वेळी तपासत राहायचं. बघायला काहीच नाही, खरं सांगायचं तर ग्रामपंचायतीचं गटाराचं काम चाललंय असं वाटावं. पण ऐकायला आणि भांडायला प्रचंड आहे.

कारण काचीकरण ठराविक ठिकाणीच होतं, हे चर मात्र आपल्याकडं प्रत्येक अणुवीज केंद्राच्या आवारातच असतात. म्हणजे उद्या जैतापूरला ते मोठ्या अणुवीज केंद्राचं काम झालंच तर रत्नागिरीकरांच्या दारात पहिलं येईल ते हे. बसमध्ये राजापूरकडचे दोघं होते, त्यातल्या एकानं सरळ विचारलं, "साहेब, आमच्याकडं सडा म्हणजे नुसता जांभा, पावसाचं पाणी वर ठरतच नाय, तुमचा खड्डा तिथं टिकणार कसा?" सडा म्हणजे कातळाचं सपाट पठार, जांभा म्हणजे भोकाभोकांचा तांबडा दगड. सगळ्या टूरमधला सगळ्यात चांगला प्रश्न हाच. तिथल्या साहेबांनी झटकला नाही, शांतपणे सांगितलं की अडवायचं काम फक्त मातीवर सोडत नाहीत, कचरा सिमेंटमध्ये, सिमेंट ड्रममध्ये, ड्रम काँक्रीटमध्ये, आणि जागा ठरवायच्या आधी भूजलाची पातळी आणि पाणी कुठल्या बाजूला वाहतं ते बघावं लागतं, जांभा असेल तर त्याप्रमाणे डिझाइन बदलणार. राजापूरवाले पूर्ण पटल्यासारखे काही दिसले नाहीत, मीही नाही, पण उत्तर मिळालं हे महत्त्वाचं. पोस्टरसमोर उभं राहून असले प्रश्न कोण विचारतं?

मग ३०० वर्षांचा मुद्दा. सीझियम-१३७ चं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, ३० वर्षं, दहा अर्धायुष्यं गेली की मूळच्या हजारातला एक भाग उरतो, म्हणून साधारण तीनशे वर्षं त्या जागेवर नजर ठेवायची असं गणित. कागदावर ठीक आहे. पण कान्होजी आंग्रे गेले १७२९ साली, तेव्हापासून आजपर्यंत कोकणपट्टीवर किती सरकारं आली नि गेली, तेवढा काळ कुणीतरी न चुकता बोअरचं पाणी तपासत राहणार हे जरा जडच जातं गळ्याखाली उतरायला. प्लुटोनियमसारखं लांब पल्ल्याचं काही या चरांत टाकत नाहीत, प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य २४ हजार वर्षं, पुनर्प्रक्रियेनंतर असलं जे उरतं ते काचेत जातं आणि पुढं खोल खडकात न्यायचं म्हणतात, पण तशी खोल जागा आपल्याकडं अजून झालेली नाही, आणि हे त्यांनी न लपवता सांगितलं.

प्रयोगशाळेसाठी तरी ही टूर घ्याच. प्रत्येक अणुकेंद्राजवळ अशी एक असते, आसपासचं दूध, भाजी, माती, समुद्राचं पाणी आणि मासळी तपासायला. आम्ही गेलो तेव्हा ट्रेमध्ये बोंबील होते. बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच, त्यामुळे किलोच्या किलो आणून साफ करायचे, सुकवायचे, मग भट्टीत जाळून राख करायची, आणि त्या एवढ्या ढिगाऱ्यातून जेमतेम डबीच्या तळाशी राहील एवढी करडी पूड उरते. ती डबी शिशाच्या जाड विटांच्या आत किरणोत्सार टिपणाऱ्या डिटेक्टरवर ठेवतात आणि तासन् तास मोजत बसतात. स्क्रीनवर आलेखात एक उंच टोक दिसलं, बसमधले दोघं लगेच एकमेकांकडं बघायला लागले, तर ते निघालं पोटॅशियम-४०, निसर्गातलंच, तुमच्या माझ्या अंगातही आहे ते. तिथली मुलगी म्हणाली, "हे टोक दिसलं नाही तर आम्ही घाबरतो, मशीन बिघडलं असणार म्हणून." आमच्या एमएससीच्या पोरांना दोन तास स्पेक्ट्रम, म्हणजे असले आलेख, शिकवून जे डोक्यात शिरत नाही ते इथं पाच मिनिटांत शिरेल.

आता तक्रारी, सगळ्या आयोजकांच्या नावावर. टूरचे वेगळे पैसे घेता तर बसचा एसी चालू पाहिजे, मे महिन्यात पालघर जिल्ह्यात बंद खिडक्यांची बस म्हणजे आम्हालाच भट्टीत टाकून राख करायचा बेत. जेवण पॅकेटातलं, गार पुऱ्या आणि सुक्या बटाट्याची भाजी, समुद्र इतक्या जवळ असून मासळीचं नाव नाही, निदान डहाणूचे चिकू तरी ठेवायचे. आणि सगळ्यात खटकलं ते हे की तारापूरच्या तीन आणि चार नंबरच्या अणुभट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठवली, त्या लोकांच्या नव्या वस्तीला जायला कार्यक्रमात अर्धा तासही नव्हता. बसमध्ये विचारलं तर आयोजकांचा माणूस म्हणतो, ते टेक्निकल नाही. अहो, कचरा कुठं ठेवायचा हा प्रश्न माणसांना सोडून टेक्निकल होतोच कसा?

जाणार असाल तर: ओळखपत्राची माहिती बरीच आधी द्यावी लागते, नावातलं एक अक्षर इकडचं तिकडं असलं की गेटवर बसून राहाल. मोबाइल, स्मार्टवॉच, पेनड्राइव्ह सगळं बाहेर जमा, त्यामुळे फोटोची आशा सोडा. पायात बंद बूट घाला, चपलेवाल्यांना परत पाठवलं. आत जाताना डोसीमीटर, म्हणजे अंगावर किती किरणोत्सार पडला ते मोजणारं यंत्र, देतात, निघताना हातपाय मशीनवर ठेवून तपासतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. लहान गट मागून घ्या, पंधरावीस जणांचा असेल तर धमाल, दोन बस एकत्र असतील तर पैसे वाया.

काचीकरणाला पाचपैकी अडीच, चर आणि प्रयोगशाळेला चार. परतीची बस बोईसर स्टेशनला थांबणार का ते सकाळीच ड्रायव्हरला विचारून ठेवा, नाहीतर थेट हॉटेलवर नेऊन सोडतात आणि विरारकडची गाडी हुकते.