प्रोव्हान्स की लाँगदॉक? दक्षिण फ्रान्सच्या द्राक्षभूमीतील दोन प्रदेशांचा तुलनात्मक आढावा

दक्षिण फ्रान्सच्या भूमध्यसागरी पट्ट्याचे रोन नदी ढोबळमानाने दोन भाग करते. पूर्वेला प्रोव्हान्स आणि पश्चिमेला लाँगदॉक. दोन्ही प्रदेशांत वर्षाला अडीच हजार तासांहून अधिक ऊन पडते, दोन्हीकडे प्राचीन काळापासून द्राक्षांची लागवड होत आली आहे आणि दोन्हीकडे रोमन व मध्ययुगीन वास्तू इतक्या दाटीने आहेत की एका प्रवासात सर्व पाहण्याचा हट्ट धरणे व्यर्थ ठरते. आठवडाभराचा वेळ हाताशी असलेल्या प्रवाशाने यांपैकी एकाची निवड करावी हेच श्रेयस्कर. प्रोव्हान्समध्ये स्मारके आणि द्राक्षमळे शेजारी-शेजारी नांदतात, परंतु त्यांचा इतिहास बराचसा स्वतंत्र आहे. लाँगदॉकमध्ये मात्र वाईनचा इतिहास हाच प्रदेशाचा इतिहास आहे आणि तो कालव्यांत, चौकांतील पुतळ्यांत, गावोगावच्या सहकारी तळघरांत (शेतकऱ्यांनी एकत्र येऊन चालवलेल्या वाईननिर्मितीच्या इमारतींत) प्रत्यक्ष पाहता येतो. निवड करताना हा भेद सर्वांत महत्त्वाचा आहे, असे माझे मत आहे.

प्रोव्हान्सची सुरुवात आव्हिन्योंपासून करावी. १३०९ मध्ये पोप पाचवे क्लेमेंट येथे आले आणि १३७७ पर्यंत पोपांचे वास्तव्य रोमऐवजी या शहरात राहिले. चौदाव्या शतकात दोन पोपांच्या कारकिर्दीत, वीस वर्षांच्या आत उभारलेला त्यांचा राजवाडा बाहेरून किल्ल्यासारखा भक्कम आहे. आतील दालने बहुतांशी रिकामी असल्यामुळे काही जणांची निराशा होते. मातेओ जोव्हानेत्ती या इटालियन चित्रकाराची भित्तिचित्रे आणि पोपांच्या अभ्यासिकेतील शिकारीची दृश्ये यांच्यासाठी वेळ राखून ठेवल्यास ही निराशा टळते. द्राक्षांशी पोपांचा संबंध जोडणारा दुवा शहराच्या उत्तरेला शातोनफ-द्यु-पाप या गावात आहे. पोप बाविसावे जॉन यांनी तेथे बांधलेल्या गढीचा केवळ एक भग्न भाग उरला आहे, कारण १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तिचा मोठा हिस्सा उडवून दिला. मात्र त्या टेकडीवरून दिसणारे मळे आणि मातीवर पसरलेले, रोन नदीने घासून गुळगुळीत केलेले मोठमोठे गोटे पाहिले, की दिवसा साठवलेली उष्णता रात्री वेलींना देणाऱ्या जमिनीचे वर्णन पुस्तकी राहत नाही. फ्रान्समध्ये वाईनच्या उगमस्थानाला कायदेशीर संरक्षण देणारी जी व्यवस्था १९३५ मध्ये आली, तिचा पाया बराचसा याच गावातील द्राक्ष उत्पादकांनी १९२०च्या दशकात ठरवलेल्या नियमांत सापडतो.

आव्हिन्योंहून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत ओरांज आणि आर्ल ही दोन्ही शहरे गाठता येतात. ओरांजच्या रोमन नाट्यगृहाची १०३ मीटर लांब आणि सुमारे ३७ मीटर उंच रंगमंच-भिंत आजही उभी आहे. इतकी पूर्ण स्थितीतील रंगमंच-भिंत रोमन जगात फारच थोड्या ठिकाणी टिकली आहे. आर्लमध्ये रोमन अॅम्फिथिएटर आहे, परंतु अनेकांना तेथे ओढून नेतो तो व्हिन्सेंट व्हॅन गॉग. फेब्रुवारी १८८८ ते मे १८८९ या काळात त्याने तेथे सुमारे तीनशे चित्रे व रेखाटने केली. ही गोष्ट वाचून जाणाऱ्याने एक बाब आधीच जाणून घ्यावी: तो राहत असलेले पिवळे घर दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावानंतर उरले नाही आणि त्याची मूळ चित्रे शहरात कायमस्वरूपी नाहीत; त्याच्या नावाची संस्था काही चित्रे उसनी आणून प्रदर्शने भरवते. त्यापेक्षा सें-रेमी येथील ज्या मठवजा रुग्णालयात तो मे १८८९ नंतर वर्षभर राहिला, तेथे मला अधिक समाधान मिळाले. भोवतीची ऑलिव्हची झाडे, मागे आल्पियच्या चुनखडी टेकड्या आणि रस्त्यापलीकडे ग्लानुम या प्राचीन नगराचे अवशेष एकाच फेरीत पाहून होतात. एक्स-आं-प्रोव्हान्समध्ये पॉल सेझानची शेवटच्या काळातील चित्रशाळा आणि त्याने पुनःपुन्हा रंगवलेला सेंत-व्हिक्त्वार डोंगर आहे; चित्रकलेची आवड नसलेल्याने हे शहर वगळले तरी चालेल.

आता लाँगदॉककडे वळू. येथे सर्वाधिक गर्दी खेचणारे ठिकाण कारकासोन आहे, आणि त्याविषयी मते टोकाची असतात. दुहेरी तटबंदी आणि ५२ बुरुजांचे हे नगर १८५३ पासून वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युक याच्या देखरेखीखाली दुरुस्त झाले. त्याने बुरुजांना दिलेली पाटीच्या दगडाची टोकदार छपरे उत्तर फ्रान्सची शैली दक्षिणेत आणतात, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जात आहे. आक्षेप रास्त आहे, परंतु त्याच्या कामाशिवाय ही तटबंदी आज पाहायलाच मिळाली नसती. दुपारी गल्ल्यांतील दुकानांच्या गर्दीत हे नगर पाहू नये. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा दोन तटांच्या मधल्या मोकळ्या वाटेवरून चालावे. नगरात प्रवेश विनामूल्य आहे. तिकीट लागते ते आतील किल्ल्याला आणि तटावरील फेरीला.

कारकासोनच्या दक्षिणेस कड्यांवर उभ्या असलेल्या पेरपेर्त्यूझ, केरिब्यूस यांसारख्या गडांना सरसकट कॅथार पंथाचे किल्ले म्हटले जाते. चर्चने पाखंडी ठरवलेल्या या पंथाविरुद्ध १२०९ मध्ये धर्मयुद्ध सुरू झाले आणि त्याच वर्षी बेझिये शहरात भयंकर कत्तल झाली, हे खरे. परंतु आज गडांवर दिसणारे बांधकाम मुख्यतः त्यानंतर फ्रेंच राजसत्तेने आजच्या स्पेनमधील आरागॉन राज्याच्या सीमेवर उभारलेल्या ठाण्यांचे आहे. फ्रान्स आणि स्पेन यांच्यातील १६५९ च्या तहाने सीमा दक्षिणेकडे सरकली आणि या गडांचे महत्त्व संपले. चढण उभी आहे, वारा जोराचा असतो आणि सावली जवळजवळ नाही, हे लक्षात घेऊन जावे.

लाँगदॉकचे खरे वैशिष्ट्य मात्र कनाल द्यु मिदी हा कालवा आहे. मिठावरील कर वसूल करणाऱ्या पिएर-पॉल रिके याने १६६६ मध्ये त्याचे काम हाती घेतले; १६८१ मध्ये कालवा खुला झाला, पण त्याच्या काही महिने आधीच रिकेचा मृत्यू झाला होता. तुलूझ शहरापासून समुद्रकिनाऱ्याजवळच्या ‘तो’ नावाच्या तलावापर्यंत सुमारे २४० किलोमीटर धावणाऱ्या या जलमार्गावरून धान्याबरोबर वाईनही बाहेर जाऊ लागली. बेझियेजवळ फोंसेरान येथे एकमेकांना जोडलेल्या जलदरवाजांच्या कक्षांतून नौका पायरी-पायरीने सुमारे २१ मीटर उंची पार करतात, आणि काठावर उभे राहून एखादी नौका वर चढताना पाहणे हा सुंदर अनुभव आहे. काठच्या चिनार वृक्षांना २००६ पासून बुरशीच्या रोगाने ग्रासले असून हजारो वृक्ष तोडावे लागले आहेत; त्यामुळे जुन्या छायाचित्रांतील सलग सावली सर्वत्र मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. नव्या जातींची लागवड सुरू आहे.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, पॅरिसची बाजारपेठ जवळ आली आणि इतर पिके मागे पडून सगळे मैदान द्राक्षांखाली गेले. पाठोपाठ फायलॉक्सेरा ही मुळांवर जगणारी कीड आली. मोंपेलियेचे वनस्पतिशास्त्रज्ञ ज्यूल-एमिल प्लांशों यांनी १८६८ मध्ये वेली मरण्याचे कारण ही कीडच असल्याचे ओळखले, आणि पुढे अमेरिकी वेलींच्या मुळांवर कलम करून फ्रेंच द्राक्षे वाचली. त्या शहराच्या रेल्वे स्थानकासमोरच्या बागेत प्लांशों यांचे स्मारक आहे आणि त्यात एक शेतकरी त्यांना द्राक्षांचा घड अर्पण करताना दाखवला आहे. बहुतेक प्रवासी सामान ओढत त्याच्याजवळून निघून जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. पुढे वाईनचे भाव कोसळले, आणि १९०७ मध्ये मार्सेलें अल्बेर या मळेवाल्याच्या मागे लाखो लोक रस्त्यावर उतरले. नारबोनमध्ये सैन्याच्या गोळीबारात माणसे मेली आणि १७ व्या पलटणीच्या शिपायांनी बंड केले. त्या काळातील सहकारी तळघरांच्या भव्य इमारती आजही गावोगाव दिसतात. बेझियेजवळच्या मारोसां गावातील सहकारी संस्था १९०१ सालची आहे.

रोमन वारशात दोन्ही बाजू तुल्यबळ आहेत, पण येथे माझा कल लाँगदॉककडे झुकतो. नीमचे अॅम्फिथिएटर आर्लच्या अॅम्फिथिएटरपेक्षा अधिक चांगल्या स्थितीत आहे, तेथील मेझों कारे या मंदिराला २०२३ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि पाँ द्यु गार हा तीन मजली, सुमारे ४९ मीटर उंच जलसेतू तर अतुलनीय आहे. त्याचा जलमार्ग सुमारे ५० किलोमीटर लांब असून एवढ्या अंतरात उतार अवघा १२ ते १३ मीटर होता. नारबोन ही गॉलमधील, म्हणजे प्राचीन फ्रान्सच्या भूमीतील, रोमनांची इ.स.पू. ११८ ची वसाहत. २०२१ मध्ये तेथे सुरू झालेल्या नार्बो व्हिया संग्रहालयात थडग्यांवरील शेकडो कोरीव शिळांची एक संपूर्ण भिंत उभी केली आहे.

व्यवहाराचा प्रश्न राहतो. स्वतः गाडी चालवणार नसल्यास प्रोव्हान्स सोयीचे, कारण आव्हिन्योंमध्ये मुक्काम ठेवून तीन-चार दिवस केवळ रेल्वेवर काढता येतात. लाँगदॉकमध्येही नीम, मोंपेलिये, बेझिये, नारबोन आणि कारकासोन रेल्वेने जोडलेले आहेत, परंतु गड आणि द्राक्षगावे गाडीशिवाय जवळजवळ अशक्य आहेत. फ्रान्समध्ये चालकाच्या रक्तातील मद्यार्काची मर्यादा प्रति लिटर ०.५ ग्रॅम आणि नवख्या परवानाधारकांसाठी ०.२ ग्रॅम आहे. म्हणून चव घेताना वाईन थुंकण्यासाठी ठेवलेले भांडे निःसंकोच वापरावे, ते तेथे शिष्टसंमत आहे.

महिन्याची निवडही प्रदेशाची निवड बदलू शकते. लव्हेंडरसाठी जूनचा उत्तरार्ध ते जुलैचा मध्य आणि १९४७ पासून चालत आलेल्या नाट्यमहोत्सवासाठी जुलै, हे आव्हिन्योंचे दिवस आहेत. परंतु तेव्हा निवास महाग आणि दुर्मीळ होतो. सप्टेंबरमध्ये द्राक्षतोडणी चालू असते, ऊन सौम्य होते, आणि गड चढण्यासाठी तोच योग्य काळ असल्यामुळे त्या महिन्यात लाँगदॉकला प्राधान्य द्यावे. निर्णय होतच नसेल तर नीममध्ये मुक्काम करावा: आव्हिन्यों व आर्ल पूर्वेला, मोंपेलिये पश्चिमेला, आणि सर्व ठिकाणी सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येते.